करडीचा पेन्शनर, ब्रॅम्प्टनचा पाहुणा

दर नोव्हेंबरात भंडाऱ्याच्या कोषागाराला मी जिवंत आहे हे पटवावं लागतं. टोरांटोच्या विमानतळावर उतरलो की काउंटरमागच्या अधिकाऱ्याला मी एक दिवस परत जाणार आहे हे पटवावं लागतं. एकाला मी आहे याचा पुरावा हवा, दुसऱ्याला मी कायमचा राहणार नाही याचा. परदेशात मुलाकडे राहणाऱ्या पेन्शनरचं बरंचसं आयुष्य या दोन पुराव्यांच्या मधल्या जागेत जातं. ती जागा लोकांना वाटते तितकी वाईट नाही. फक्त तिथे फाईल नीट लावलेली असावी लागते.

मी मोहाडी तालुक्यातल्या करडीचा. पाटबंधारे खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, वरिष्ठ लिपिक म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडलो. आवक-जावक, टिपणी, 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे' ही भाषा मी आयुष्यभर लिहिली. लोक बाबू म्हणायचे, काही प्रेमाने, काही नाइलाजाने. मुलगा नागपूरला इंजिनीअर होऊन कॅनडात गेला, तिथला नागरिक झाला, ब्रॅम्प्टनला घर घेतलं, आणि नातू झाल्यावर आम्हा नवराबायकोला बोलावून घेतलं. तेव्हापासून मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आलो. अर्जदार झालो.

हा लेख करडीला बसून लिहितोय. धानाची मळणी आटोपली आहे, मंडईच्या जत्रांचे दिवस सरत आले आहेत. गावात आलो की लोक बर्फाबद्दल आणि मुलाच्या पगाराबद्दल विचारतात. पण ज्यांची मुलं बाहेर आहेत ते बाजूला घेऊन निराळंच विचारतात. पेन्शन बंद तर नाही होत? तिकडे आजारी पडलं तर? शेतीचं कसं करता? पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

आधी व्हिसा. कॅनडात आईवडिलांना कायमचं बोलावण्याची योजना आहे, पण तिचं दार फार अरुंद. २०२० साली ज्या मुलांनी 'आम्हाला आईवडिलांना आणायचंय' असा ऑनलाइन अर्ज भरून ठेवला होता, त्याच यादीतून सरकार पुढची वर्षं नावं काढत राहिलं. २०२५ची निमंत्रणंसुद्धा त्याच यादीतली. २०२०मध्ये ज्याने अर्ज भरला नाही तो रांगेतच नाही. म्हणून बहुतेक घरांत येतो तो सुपर व्हिसा. हा डिसेंबर २०११मध्ये सुरू झाला. १० वर्षांपर्यंत वैध असतो, कितीही वेळा ये-जा करता येते. साध्या पर्यटकाला एका वेळी साधारण सहा महिने राहू देतात. सुपर व्हिसावर आधी दोन वर्षं मिळायची, ४ जुलै २०२२पासून एका प्रवेशात पाच वर्षं मिळतात. तिथे असताना मुदतवाढही मागता येते, पण अर्ज मुदत संपायच्या आत गेला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर तो अर्ज वेगळ्या खात्यात जातो, आणि ते खातं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

अटी अशा की मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक अथवा कायम रहिवासी हवी, घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे ठरलेलं किमान उत्पन्न हवं, लेखी निमंत्रण हवं, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी हवी आणि आरोग्य विमा हवा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही तुमसर रोडहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. पण अर्जात सगळ्यात कामाचा कागद कोणता, असं विचाराल तर मी सातबारा म्हणेन. माणूस परत जाईल की नाही हे अधिकारी कशावरून ठरवतो? मायदेशी त्याचं काय आहे यावरून. माझ्याकडे पेन्शनचा आदेश होता, घरटॅक्सची पावती होती, वडिलोपार्जित धानाची शेती होती. मराठी सातबारा तिथे तसाच चालत नाही. इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र सोबत लागतं. आयुष्यभर लोकांना 'भाषांतर जोडा' सांगितलं होतं, आता स्वतः जोडलं.

या व्हिसावर नोकरी करता येत नाही. नातू सांभाळणं नोकरीत मोडतं का, ही शंका आमच्या सौ.ने काढली. मोडत नाही. बाळ सांभाळायला मुलीला मदत करणारी आई, हे उदाहरणच तिथल्या इमिग्रेशन खात्याने आपल्या नियमांत दिलेलं आहे, अर्थात बिनपगारी. बिनपगारी या अटीवरचं सौ.चं मत छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या देशांचं गणित वेगळं आहे, आणि गावात इथेच घोळ होतो. अमेरिकेत एकवीस वर्षांपुढच्या नागरिक मुलाला आईवडिलांसाठी थेट ग्रीन कार्ड मागता येतं, त्याला संख्येची मर्यादा नाही. पण ग्रीन कार्ड म्हणजे तिथेच राहणं आलं. पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर ते हातचं जाऊ शकतं. आणि ज्याने तिथे कधी काम केलेलं नाही त्याला मेडिकेअर हा सरकारी विमा हप्ता भरून घ्यायचा तरी वय ६५ आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. ऑस्ट्रेलियात कायमच्या व्हिसासाठी निम्मी तरी मुलं तिथे स्थायिक असावी लागतात, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त असावी लागतात. ब्रिटनने जुलै २०१२पासून दार जवळजवळ लावूनच घेतलं. आपली रोजची साधी कामंही दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाहीत आणि ती मदत मायदेशी मिळत नाही किंवा परवडत नाही, हे म्हाताऱ्याने सिद्ध करायचं. हिंडताफिरता माणूस तिथे अपात्रच. तेव्हा अमक्याचे आईबाप तिकडे राहतात म्हणून आपणही राहू, असा हिशेब करू नये. आधी देश विचारावा.

आता आजारपण. सुपर व्हिसाच्या विम्याला किमान १ लाख कॅनडियन डॉलरचं संरक्षण आणि एक वर्षाची मुदत लागते. उपचार, इस्पितळ आणि मृतदेह मायदेशी पाठवणं, हे सगळं त्यात असावं लागतं. पूर्वी विमा कॅनडातल्याच कंपनीचा लागे. जानेवारी २०२५पासून तिथल्या नियामकाने मान्य केलेल्या बाहेरच्या कंपन्यांचाही चालतो. मृतदेहाचं कलम मुलाने वाचून दाखवलं तेव्हा सौ. म्हणाली, "बरं हाय, वैनगंगेपर्यंत पोचवतील तरी." मुलगा गप्प झाला, आम्ही दोघं हसलो. म्हाताऱ्या माणसांना ज्या गोष्टीचं हसू येतं ती मुलांना ऐकवत नाही.

या विम्यातला खरा कस 'आधीपासूनच्या आजारा'त आहे. बीपी, शुगर असेल तर पॉलिसी विचारते की तो आजार स्थिर आहे का. स्थिर म्हणजे ठरावीक दिवसांत, कुठे ९०, कुठे १८०, नवं लक्षण नाही, इस्पितळात भरती नाही आणि औषधात बदल नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये गोळी कमी केली तरी तो बदलच धरतात. आपल्याकडे सवय अशी की परदेशी जायच्या आधी नागपूरला जाऊन सगळं 'चेक' करून घ्यायचं. डॉक्टर हमखास एखादी गोळी बदलतो, आणि तीच गोळी पुढे दावा फेटाळायला कारण होते. तपासणी करायचीच, पण निघण्याच्या पुरेशी आधी. पॉलिसीचे कागद मुलाने नव्हे, आपण वाचायचे. समजत नसेल तर विमा एजंटाकडून लेखी उत्तर घ्यायचं. तोंडी उत्तराला कोणत्याच देशात जावक क्रमांक नसतो.

ऑन्टारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा आम्हाला लागू नाही. सर्दी-तापासाठी क्लिनिकमध्ये गेलो तर पैसे रोख द्यायचे, पावती जपायची आणि नंतर दावा करायचा. औषधांचं म्हणाल तर प्रवाशाला स्वतःपुरती जास्तीत जास्त ९० दिवसांची औषधं सोबत नेता येतात, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. भंडाऱ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी तिथला औषधवाला घेत नाही. तिथल्या डॉक्टरने लिहून दिलं तरच मिळतं. म्हणजे ९० दिवसांनंतर शुगरच्या साध्या गोळीसाठीही डॉक्टरची फी आली. हा खर्च कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

आता नोव्हेंबर. जी गोष्ट मी सगळ्यात जास्त जाणतो ती.

राज्य सरकारच्या पेन्शनरसाठी पद्धत सोपी आहे. कोषागार बँकेच्या शाखेला यादी पाठवतं, नोव्हेंबरात पेन्शनरने शाखेत जाऊन आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करायचा. झालं. सही झाली नाही तर पुढची पेन्शन थांबते, आणि हयातीचा दाखला पोचला की थकबाकीसकट सुरू होते. ती बुडत नाही, हे आधी लक्षात घ्या. कितीतरी लोक नोव्हेंबर हुकला म्हणून घाबरून महागडं तिकीट काढून येतात. त्याची गरज नसते.

दुसरा रस्ता 'जीवन प्रमाण'चा. १० नोव्हेंबर २०१४ला केंद्राने ही डिजिटल दाखल्याची सोय सुरू केली. आधी बोटांचे ठसे लागत. शेती केलेल्या माणसाचे ठसे साठीनंतर यंत्राला सापडत नाहीत, हे करडीतल्या कुठल्याही सेतू केंद्रावर बघायला मिळेल. नोव्हेंबर २०२१पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. राज्याची कोषागारंही तो घेतात. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले बरेच जण आमच्या जिल्ह्यात आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. मी गावात असलो तर हाच मार्ग धरतो. बाहेर असताना मात्र मला कागद बरा वाटतो. डिजिटल दाखला नाकारला गेला तर कुठे नाकारला आणि का, हे शोधायला समोर टेबल नसतं.

तिसरा रस्ता भारतीय वकिलातीचा. टोरांटोचा वाणिज्य दूतावास ब्लूर स्ट्रीट ईस्टवर आहे. ब्रॅम्प्टनहून गो ट्रेनने युनियन स्टेशन, तिथून भुयारी रेल्वे बदलत शेरबोर्न स्टेशन. हयातीचा दाखला तिथे फुकट मिळतो. पासपोर्ट, पेन्शनचा आदेश आणि भरलेला फॉर्म न्यायचा, अधिकाऱ्यासमोर सही करायची, तो शिक्का मारून देतो. नोव्हेंबरात गर्दी इतकी की दूतावास आसपासच्या शहरांत, देवळांत आणि गुरुद्वाऱ्यांत शिबिरं भरवतो. तिथली रांग बघावी. पंजाबचे मास्तर, रेल्वेचे गार्ड, फौजेतले सुभेदार, गुजरातचे तलाठी. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आदेशाची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स. एका पंजाबी आजींच्या बँकेने त्यांच्याकडून पुनर्विवाह केला नसल्याचंही लिहून मागितलं होतं. आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. सही करताना त्या इतक्या मोठ्याने हसल्या की दूतावासाचा पोरगा लाजला.

२०२४च्या नोव्हेंबरात या रांगेची जगभर बातमी झाली. ३ नोव्हेंबरला ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिरात असंच शिबिर होतं. बाहेर खलिस्तानवाद्यांची निदर्शनं झाली, हाणामारी झाली, दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी निवेदनं दिली. टीव्हीवर झेंडे आणि काठ्या दिसल्या. आत लोक कशासाठी जमले होते ते फारसं कुणी सांगितलं नाही. ते हयातीच्या दाखल्यासाठी जमले होते. भारतीय उच्चायुक्तालयाने नंतर सांगितलं की त्या गोंधळातही हजारावर दाखले दिले गेले. ७ नोव्हेंबरला दूतावासाने सुरक्षेची हमी मिळत नाही म्हणून पुढची काही शिबिरं रद्द केली. आमचा बेत पुढच्या शिबिराचा होता, म्हणून आम्ही ट्रेनने टोरांटोला गेलो. दोन देशांच्या भांडणात पेन्शनरने कुठे उभं राहावं, याचा नियम अजून कुणी काढलेला नाही.

दाखला हातात आला म्हणजे काम संपलं, असं समजू नये. दूतावास तो भंडाऱ्याला पाठवत नाही, आपण पाठवायचा. मी तो रजिस्टर्ड पाठवतो, वर पेन्शन क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांक ठळक लिहितो आणि आत मोबाइल नंबर देतो. स्कॅन ई-मेलनेही पाठवतो, कारण टपालाला वेळ लागतो. एका वर्षी एका बँकेच्या शाखेने मुलाला सांगितलं, "त्यांना प्रत्यक्ष आणा." दूतावासाचा शिक्का असताना प्रत्यक्ष कशाला, असं मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही, पण पेन्शन आली. लेखी विचारलेल्याला उत्तर देणं जड जातं, हे मला कार्यालयातूनच माहीत होतं. केंद्राच्या पेन्शनरांना परदेशातल्या नोटरीची, दंडाधिकाऱ्याची किंवा बँक अधिकाऱ्याची सहीही चालते. राज्याच्या पेन्शनरांनी आधी आपल्या कोषागाराला विचारून घ्यावं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, पण इथे दुर्लक्ष महागात पडतं. परदेशात अनिश्चित काळ राहायला निघालेला माणूस परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरतो, मग त्याचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. पेन्शन त्या खात्यात येऊ शकते. मात्र एनआरओच्या व्याजावर ३० टक्के कर आणि वर उपकर कापून घेतात. जास्त कापला गेलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण भरावं लागतं. आयकराचा हिशेब निराळा. साधारणपणे आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलं की माणूस निवासी. हा आकडा का बघायचा? कारण २०२५-२६पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला जी पूर्ण सूट मिळते ती फक्त निवासींना. लिपिकाची पेन्शन घेणारा माणूस करडीत राहिला तर त्याला कर शून्य. तोच वर्षभर ब्रॅम्प्टनला राहिला तर ४ लाखांपुढच्या करपात्र रकमेवर कर लागतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं अनिवासीला उघडता येत नाही. हे सगळं निघण्याआधी बघावं, विमानात बसल्यावर नाही.

आणि सिमकार्ड. सगळं जग आता ओटीपीवर चालतं आणि ओटीपी करडीच्या नंबरवर येतो. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही आणि खात्यात २० रुपयेही नसले, तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतातच सुरू करून घ्यावं. आमच्या सौ.कडे हे खातं आहे. ती दर महिन्याला आपल्या जुन्या फोनवरून बहिणीला फोन करते. बहिणीला वाटतं आठवण काढली. नंबर चालू राहतो, हा त्यातला दुसरा फायदा.

शेतीचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण शेती माणूस मागते. २०२१पासून पीक पाहणी मोबाइलवर होते, शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. ते पुतण्या करतो. पण धान विकायला आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणी करायची तर सातबारावरचा माणूस हजर लागतो, त्याचा तिथेच फोटो काढतात. व्यापारी शेतकऱ्याच्या नावावर धान घालतात म्हणून हा नियम आला, आणि नियम चुकीचा नाही. पुतण्याने फोन केला, "काका, सेंटरवाला म्हणते, ज्याच्या नावाचा सातबारा त्यालेच आना." काका तेव्हा ब्रॅम्प्टनला बर्फ लोटत होता. त्या हंगामात धान व्यापाऱ्याला गेला. सरकारी हमीभाव साधारण धानाला क्विंटलमागे २,३०० रुपये होता, व्यापाऱ्याने त्याहून कमी दिले. पीएम किसानचं मात्र कुणी विचारू नका. महिन्याला १० हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे त्यातून वगळलेले आहेत, परदेशी असोत की करडीत.

गावाकडच्या अशा कामांसाठी कुलमुखत्यारपत्र करतात. दोन पद्धती आहेत. एक, दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करायची. दुसरी, तिथल्या नोटरीकडे करून त्यावर अपोस्टिल घ्यायचं. हे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण कॅनडात ११ जानेवारी २०२४पासून मिळू लागलं, त्याआधी दूतावासाचे खेटे चुकत नसत. पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा, हे पुष्कळ लोक विसरतात, आणि मग दुय्यम निबंधकाकडे अडतात. माझा सल्ला असा की सगळे अधिकार देणारं सर्वसाधारण पत्र करू नये. कामं एकेक करून लिहावीत. वीजबिल भरणे, घरटॅक्स भरणे, धान विकणे, अमुक गटाची मोजणी करणे. विकण्याचा अधिकार लिहायचाच असेल तर रात्रभर विचार करून लिहावा. आणि एक गैरसमज काढून टाकावा. पत्र देणारा गेला की पत्रही संपतं. बाप वारल्यावर त्याच्या कुलमुखत्यारपत्रावर जमीन विकायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

इतकं सगळं करून तिथे राहायचं कसं, हेही सांगितलं पाहिजे. ब्रॅम्प्टनमध्ये पंजाबी इतके की माझी हिंदी पंजाबी वळणाची झाली. उन्हाळ्यात बागेत पत्त्यांचे फड रंगतात. आपल्या पारावरच्यासारखीच भांडणं, फक्त पगड्या जास्त. ६५ वर्षांपुढच्या शहरवासीयांना २०२२पासून शहरबस मोफत आहे, वय आणि पत्ता दाखवून कार्ड काढावं लागतं. माझ्या मते म्हाताऱ्याने परदेशात काढायचं ते हे पहिलं कार्ड. ते हातात आलं की मुलाला 'मला जरा सोडशील का' असं विचारावं लागत नाही. त्या एका वाक्याने घरातला बाप फार लवकर म्हातारा होतो. वाचनालयाचं कार्डही पत्त्याच्या पुराव्यावर मिळतं. हिवाळ्यात बाहेर चालता येत नाही तेव्हा मॉलमध्ये सकाळी म्हातारे फेऱ्या मारतात, दुकानं उघडायच्या आधी. आधी मला ते हास्यास्पद वाटायचं, आता मीही मारतो. घरात चिन्नोर शिजतो, लाखोरीची डाळ सौ. पिशवीतून नेते, सणाला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जातो. एकटेपणा असतोच. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा तो जास्त कळतो. पण करडीतही दुपारी घर रिकामंच असायचं, हे लोक विसरतात.

मला त्रास बर्फाचा झाला नाही. त्रास झाला तो आपले कागद दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये आहेत याचा. बहुतेक घरांत मुलगाच सगळं भरतो, पासवर्ड त्याचे, ई-मेल त्याचा. बापाला आपला व्हिसा कधी संपतो तेही माहीत नसतं. मुलं वाईट नसतात, घाईत असतात. आम्ही घरी एक फाईल केली आहे, खरी, पुठ्ठ्याची, नाडी बांधायची. वर अनुक्रमणिका आहे. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशाचा शिक्का आणि त्याची मुदत, विमा, पेन्शनचा आदेश, कोषागाराचा पत्ता, सातबारा, कुलमुखत्यारपत्र, दोघांची मृत्युपत्रं. नातू तिला 'आजोबांचं ऑफिस' म्हणतो. सौ.च्या नावाची वेगळी फाईल आहे. मी आधी गेलो तर कुटुंबनिवृत्तिवेतन तिलाच मागावं लागेल, आणि तेव्हा तिला मुलाच्या लॅपटॉपची वाट बघायला लावणं मला पटत नाही.

एक विनंती माझ्याच जातीच्या लोकांना, म्हणजे बँकेतल्या आणि कोषागारातल्या बाबूंना. परदेशातून रजिस्टर्डने आलेला हयातीचा दाखला टेबलावर आला की तो आवक नोंदवहीत घ्या, आणि त्यावर लिहिलेल्या मोबाइलवर तो आवक क्रमांक तेवढा पाठवा. त्या एका मेसेजला तुम्हाला मिनिटभर लागेल, आणि तिकडे एक म्हातारा-म्हातारी डिसेंबर उजाडेपर्यंत रोज फोन करायची थांबतील.